झीसिसला माती घेईना

द्रेस्तोवात दगडाला कधी तोटा नव्हता, तोटा होता तो मातीचा. देवाने पृथ्वी चाळली तेव्हा माती खालच्या मैदानात पडली आणि चाळणीत उरलेले गोटे त्याने आमच्या गावावर पालथे केले, असं म्हातारे सांगत, आणि सांगताना त्यांना त्याचा अभिमानच वाटे. जुन्या बायकांनी ओढ्याकाठची माती टोपल्यांनी पाठीवर वाहून आणली, उतारावर दगडी बांध घालून त्यात ओतली आणि मका लावला. पाऊस जोराचा झाला की माती पुन्हा ओढ्यात, आणि बायका पुन्हा टोपल्या घेऊन तिच्या मागे. मधे एकदा सरकारला गावाचं नाव परकं वाटलं, म्हणून त्यांनी ते बदलून एलातोरेमा ठेवलं. नाव बदलल्याने माती काही वाढली नाही. आम्ही आपले द्रेस्तोवाच म्हणत राहिलो.

अशा गावात मेलेल्याला तरी कायमची जागा कुठून मिळणार? देवळामागे खळ्याएवढा तुकडा होता, तेवढीच काय ती कमरेइतकी खोल माती. तिथे माणूस तीन वर्षं निजायचा. मग घरच्या बायका फावडं घेऊन जायच्या, हाडं वर काढायच्या, लाल वाइनने धुवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि लाकडी पेटीत घालून देवळाच्या अस्थिघरात ठेवायच्या. रिकामी झालेली जागा पुढच्याला. हाडं स्वच्छ, मेणासारखी पिवळसर निघाली की बायका माना डोलवायच्या, सुटला बिचारा. तशी नाही निघाली, तर मात्र अख्खं गाव गप्प व्हायचं. माती ज्याला घेत नाही त्याच्यावर कुणाचा तरी शब्द असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आणि झीसिसवर कुणाचा शब्द होता हे तर उभ्या गावाने कानांनी ऐकलेलं. त्याच्या बायकोचा. स्तामाताचा.

स्तामाता ही आईबापांची चौथी मुलगी. तीन झाल्यावर चौथीही मुलगीच, तेव्हा बापाने वैतागून नाव ठेवलं स्तामाता, म्हणजे 'थांब, पुरे झालं'. असं नाव ठेवलं की पाठीवर मुलगा होतो, अशी समजूत. तिच्या पाठीवर आणखी दोन मुली झाल्या. देवाला ग्रीक येत नसावं. स्तामाता मात्र नकोशी म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्यातली नव्हती. खेचरापेक्षा जास्त लाकडं पाठीवर आणायची आणि जिभेला धार अशी, की चौकात बसलेले पुरुष ती आली की हुक्क्यासारखे गुडगुडायचे बंद व्हायचे.

झीसिस गवंडी होता. आमच्याकडचे सगळेच गवंडी. ईस्टर झालं की हत्यारं खेचरांवर लादून त्यांच्या टोळ्या निघायच्या, दूरदूरच्या गावांत पूल, देवळं, घरं बांधायच्या आणि संत दिमित्रीच्या सणाला, थंडी पडता पडता परतायच्या. बायकोच्या वाट्याला नवरा यायचा तो हिवाळ्यापुरता. झीसिसच्या बाबतीत तर हिवाळ्यातही अर्धाच, कारण माणूस मुलखाचा अबोल. दगड हातात घेऊन तासभर फिरवून बघायचा. "त्या दगडाकडे बघतोस तसं कधी माझ्याकडे बघ," स्तामाता म्हणायची. तो हसायचा आणि दगड खाली ठेवायचा. बरं चाललं होतं दोघांचं.

मग लढाई आली. जर्मनांनी गाव जाळलं. भिंती काळ्या झाल्या पण उभ्या राहिल्या आणि झीसिसने त्याच दगडांवर पुन्हा छप्पर चढवलं. ते चढवतो न चढवतो तोच आपल्याच लोकांची आपल्याच लोकांशी लढाई जुंपली आणि सैन्याने गाव रिकामं करून सगळ्यांना शहराबाहेरच्या पत्र्याच्या खोपट्यांत नेऊन टाकलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्या खोपट्यात स्तामाताच्या दोन मुली खोकून खोकून गेल्या. उरला एकटा स्तेरियोस. त्याला घेऊन ती दोघं डोंगरावर परत आली तेव्हा अंगणात कमरेएवढं गवत माजलं होतं. स्तामाताने आधी ते गवत कापलं, मग बसून रडली.

हा स्तेरियोस एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा गवंड्यांचे दिवस भरले होते. जगात सिमेंट आलं होतं. दगडाचा पूल कुणाला हवा? टोळ्या जायच्या आणि अर्ध्या उन्हाळ्यात हात हलवत परत यायच्या. त्याच वेळी बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींसाठी माणसं भरायला कुणीतरी तालुक्याच्या गावी येऊन बसलं होतं. पोराच्या डोक्यात ते भिनलं.

"आई, दोन वर्षं फक्त. परत येतो आणि खाली मैदानात दुकान टाकतो."

"कसलं दुकान? धोंड्यांचं?"

"तिथे घराघरांत नळ आहेत म्हणे."

"जमिनीच्या पोटातही आहेत का नळ? तू घरात नाही, तिथे जाणार आहेस."

पोर हसलं आणि बापाकडे बघू लागलं. एकवीस पुरी झाली नव्हती, बापाची संमती लागणार होती. स्तामाताही नवऱ्याकडे वळली.

"झीसी, तू नाही म्हण. तू नाही म्हणालास की संपलं."

झीसिसने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मी दहा वर्षांचा असताना बापाने माझ्या पाठीवर दगड ठेवला," तो म्हणाला. "मला कुणी विचारलं नाही. याला मी विचारलं. तो जातो म्हणतोय."

"एकोणीस वर्षांच्या पोराला काय विचारायचं असतं? त्याला विचारलंस तर तो चंद्रावरही जाईन म्हणेल!"

पण झीसिस दुसऱ्या दिवशी पोराबरोबर डोंगर उतरला आणि संमती देऊन आला. जन्मात एकदा त्या माणसाने बायकोचं ऐकलं नाही, ते नेमकं तेव्हा.

दुसऱ्या हिवाळ्यात बातमी आली. रविवार होता, लोक देवळातून चौकात आले होते, आणि गावप्रमुखाने टोपी काढून झीसिस आणि स्तामाताला चिनाराखाली बाजूला घेतलं. खाणीचं छत बसलं होतं. स्तेरियोस आणि बरोबरचे काही जण त्यात गेले होते, आणि त्यांना तिथेच, परक्या गावात पुरलंही होतं. देह येणार नव्हता.

स्तामाता रडली नाही. ती नवऱ्याकडे वळली आणि अख्ख्या गावासमोर, देवळाच्या दारात उभ्या असलेल्या पाद्रींच्या देखत बोलली.

"माझ्या लेकराला तू मातीखाली धाडलंस, झीसी. तुला माती घ्यायची नाही! काळी माती तुला पोटात घ्यायची नाही, ऐकलंस?"

बायकांनी छातीवर क्रूस काढले. हा आमच्याकडचा शेवटचा शाप, शेजाऱ्याची शेळी चोरणाऱ्यालाही कुणी देत नाही. झीसिस टोपी हातात धरून उभा होता. तो "बरं" म्हणाला. एवढंच. आणि घराकडे चालू लागला.

त्यानंतर ती दोघं एकाच छपराखाली तीन-चार वर्षं राहिली. ती स्वयंपाक करायची, त्याच्यासमोर ताटली ठेवायची, त्याचे कपडे धुवायची. बोलायची ती कामापुरतं. एकदा तो जेवता जेवता म्हणाला, "स्तेरियोसला मी..." आणि ती म्हणाली, "भाकरी निवते आहे." पोराचं नाव त्याच्या तोंडून निघालं की ती उठून शेळ्यांकडे जायची. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, आणि हिचा तर सुंभही जळायला तयार नव्हता. शेवटी एका शरदात शेजाऱ्याचा बांध नीट करता करता झीसिस दगडाला टेकून बसला, तो बसलाच. लोकांनी त्याला खांद्यावरून घरी आणलं.

मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. त्या दिवशी गावाला आठवलं की झीसिससारखा कोपरा कुणी साधत नव्हता, झीसिस कधी कुणाला टाकून बोलला नाही. स्तामाताने सगळं रीतीने केलं. कोट घातला, हात छातीवर बांधले, चाळिसाव्या दिवशी उकडलेला गहू साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून देवळात नेला. डोळ्याला मात्र पाणी नाही. "हिच्या काळजाचा दगडही त्यानेच घडवला असेल," त्याची धाकटी बहीण लाम्ब्रो, स्तामाताची नणंद, बायकांत म्हणाली. ते स्तामाताच्या कानावर गेलं.

त्याच हिवाळ्यात डोंगर हलला. आठवडाभर पाऊस, मग वरचा बर्फ वितळला आणि एका दुपारी खालच्या आळीच्या भिंती कडकडायला लागल्या. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पळाली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर घरं, परसं, ती पिढ्यान्‌पिढ्या वाहून आणलेली माती, सगळं ओढ्यात गेलं. वरची आळी, देऊळ आणि मागची स्मशानभूमी तेवढी वाचली. सरकारी माणसं आली, त्यांनी जमीन ठोकून पाहिली आणि सांगितलं, हा डोंगर अजून चालणार आहे, तुम्ही निघा. खाली मैदानात त्यांनी नवी वस्ती बांधायला घेतली, सरळ रस्त्यांची, सगळी घरं एका मापाची. ती तयार व्हायला तीन वर्षं लागली.

निघायचं ठरलं तेव्हा गावाने एक गोष्ट एकमुखाने ठरवली. आपले मेलेले मागे ठेवून जायचं नाही. अस्थिघरातल्या पेट्या तर खाली न्यायच्याच, पण ज्यांची मुदत भरली आहे तीही थडगी उघडायची. त्या वसंतात रोज कुणा ना कुणाच्या घरचं खोदकाम चाले. देवळाच्या ओट्यावर हाडं वाळत पडलेली, वाइनचा वास सुटलेला, आणि बायका कुणाच्या आजोबांची मांडी किती लांब होती यावरही बोलत बसलेल्या. मरणाची अशी सवय झालेलं गाव होतं आमचं.

झीसिसचीही तीन वर्षं भरली होती. लाम्ब्रोने फावडं घेतलं, स्तामाताने टोपली. ग्रिगोरिस पाद्री धूप घेऊन उभे होते. माती ओली, चिकट, फावड्याला सोडत नव्हती. मग कोट दिसला. कोट जसाच्या तसा होता. लाम्ब्रोने हाताने माती बाजूला केली आणि किंचाळून मागे सरकली. आत माणूस होता, हाडं नव्हती. छातीवर बांधलेले हात तसेच बांधलेले.

सगळ्यांनी एकदमच स्तामाताकडे पाहिलं.

बोलाफुलाला गाठ पडली म्हणावी, तर पडली होती. नंतर एक सरकारी साहेब म्हणाला की डोंगर सरकला तेव्हा झऱ्याचं पाणी वळून स्मशानात मुरलं, ओल्या चिकणमातीत असं होतं. होत असेल. पण त्या वेळी खड्ड्याभोवती उभ्या असलेल्या एकाही माणसाला पाणी आठवलं नाही.

याला उपाय एकच. ज्याच्या ज्याच्या मनात मेलेल्याविषयी काही असेल त्याने येऊन माफ करायचं, पाद्रींनी प्रार्थना म्हणायची, आणि पुन्हा तीन वर्षांसाठी बुजवायचं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव रांगेने आलं. म्हातारा नाऊम काठी टेकत पुढे झाला. "झीसी, तू बांधलेली माझी चिमणी आजवर घरात धूर सोडते. म्हातारीचे डोळे गेले त्यापायी. जा, माफ. आता घरच सोडतोय, चिमणीला काय करू?"

अग्लाइया पुढे आली. "तुझ्या लग्नाच्या आधी तू मला मागणी घालणार असं सगळे म्हणत होते आणि तू घातली नाहीस. माफ."

"तूच वाचलीस गं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि त्या जागेवरही लोक हसले. कुणी पाटाच्या पाण्याची पाळी माफ केली, कुणी पत्त्यांतली लबाडी. लाम्ब्रोने भावाला माफ करण्यासारखं काही नसताना दोनदा माफ केलं. सगळ्यात शेवटी जागा मोकळी झाली आणि स्तामाता राहिली.

"वहिनी, म्हण की गं," लाम्ब्रो म्हणाली. "दोन शब्द आहेत."

"किती आहेत ते मला माहीत आहे."

"मग?"

स्तामाता पाद्रींकडे वळली. "पाद्रीबाबा, मातीला काय कळतं? तोंडातलं का पोटातलं?"

ग्रिगोरिस पाद्री खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, "पोटातलं."

"मग मला नाही जमत."

लाम्ब्रो रडायलाच लागली. "अगं सगळं गाव निघालंय! माझा भाऊ मी इथे एकटा टाकून जाऊ? अर्धवट, कोल्ह्या-कुत्र्यांच्या राज्यात?"

"तू जा. मी आहे."

"माफही करत नाहीस आणि सोडूनही जात नाहीस! हे काय खूळ आहे, बाई?"

"नवरा आहे माझा," स्तामाता म्हणाली.

शरदात ट्रक आले. पेट्या आधी चढवल्या, मग माणसं, मग कोंबड्या. देवळाची घंटाही काढून नेली. पहिल्या हिवाळ्याला वरच्या आळीत तीन-चार हट्टी म्हातारी माणसं होती. दुसऱ्या हिवाळ्याला स्तामाता एकटी. बर्फ पडलं की महिना महिना वाट बंद. कळणा-कोंडा शिजवायचा, दोन शेळ्या सांभाळायच्या, आणि रोज सकाळी देवळामागे जाऊन झीसिसच्या दिव्यात तेल घालायचं.

सुरुवातीला ती तिथे उभी राहून त्याला फैलावर घ्यायची. माफ करायलाच ती इथे राहिली होती, आणि प्रामाणिकपणे करायचं तर आधी हिशेब नीट मांडायला हवा, असं तिला वाटे. तू नाही म्हणाला असतास तर पोर राहिलं असतं. तू त्या दिवशी आजारी पडला असतास तरी चाललं असतं. एकदा, जन्मात एकदा तोंड उघडायचं होतंस. असं सगळं मांडून झालं की ती थांबायची आणि पोटात काही हललं का बघायची. काही हललेलं नसायचं. मग ती घरी जायची.

पण माणूस रोज रोज एकच भांडण किती दिवस भांडणार? आणि गावात दुसरं बोलायला होतं कोण? हळूहळू दिव्यात तेल घालता घालता ती दुसरंही काही सांगू लागली. करडी शेळी पांगळते आहे. वरच्या झऱ्याचं तोंड बुजलंय. नाऊमच्या घराचं छप्पर काल रात्री बसलं, चिमणी तेवढी उभी आहे बघ. लाम्ब्रोचा निरोप आलाय, तिथे म्हणे नळाला पाणी नाही. कधी कधी दुपार व्हायची तरी ती दगडावर बसलेलीच असायची. शापानंतरच्या वर्षांत ती त्याच्याशी जेवढं बोलली नव्हती तेवढं एका हिवाळ्यात बोलली. तिला कुणी विचारलं असतं, तर म्हणाली असती, मी त्याला शिव्या घालते.

तिसऱ्या वसंतात स्मशानाचा बांध ढासळला. जंगलखात्याच्या माणसांनी वर झऱ्याचं पाणी वळवायला चर खणले होते, त्यातला मुरूम त्यावर कलंडला होता. माती वाहून जाईल म्हणून स्तामाता स्वतःच दगड रचायला लागली. पहिल्याच दिवशी हाताची सालं निघाली, पाठ धरली. एक मोठा दगड उचलता उचलता तिला तो दहा वर्षांचा पोरगा दिसला, बापाच्या मागे वाकून चालणारा, ज्याला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या पोराच्या पाठीवर हे नको, असं झीसिसला का वाटलं असेल ते त्या दिवशी तिला पाठीतूनच कळलं. कळलं म्हणून ती आणखीच चिडली. त्या संध्याकाळी तिने त्याला नेहमीपेक्षा दुप्पट सुनावलं आणि दिव्याला तेल न घालता घरी गेली. मग अर्ध्या वाटेवरून परत येऊन घातलं.

मुदत भरली तशी खालून ट्रक आला. लाम्ब्रो, अग्लाइया, आणखी चार बायका, ग्रिगोरिस पाद्री. पाद्री आता थकले होते, त्यांना हात देऊन उतरवावं लागलं.

"स्तामाता," ते म्हणाले, "झालं का? पोटातून?"

"नाही, पाद्रीबाबा. खोटं कशाला बोलू?"

"मग कशाला उघडायचं?" लाम्ब्रो कळवळून म्हणाली. "पुन्हा तसाच बघायचा का मी त्याला?"

"तीन वर्षं झाली. रीत आहे," स्तामाता म्हणाली आणि या वेळी फावडं तिनेच घेतलं.

माती सुकी होती, भुसभुशीत, फावड्यावरून ओघळत होती. बायका तोंडात पदर दिल्यासारख्या काळे रुमाल धरून उभ्या. कोटाचं एक बटण निघालं. मग त्याखाली, कोट नव्हता, काही नव्हतं, फक्त हाडं. स्वच्छ, पिवळसर, मेणासारखी.

"सुटला!" अग्लाइया ओरडली. "सुटला गं बाई, सुटला!"

लाम्ब्रोने स्तामाताच्या गळ्यात हात टाकले. "वहिनी! केलंस की गं माफ! मेली, आम्हाला घाबरवत होतीस होय!"

"मी नाही केलं."

"मग ही हाडं काय खोटं बोलतात?"

स्तामाता खड्ड्यात गुडघ्यांवर बसली होती. बायका हसत-रडत होत्या, पाद्रींनी धूप पेटवला होता, आणि तिच्या मात्र पायाखालची जमीन गेली होती. कधी केलं मी माफ? कुठल्या दिवशी? आणि मला न विचारता? आता तिला कळत होतं की हा राग म्हणजे तिच्याजवळ उरलेलं पोराचं शेवटचं काही होतं. पोराचा देह आला नाही, सदरा आला नाही. राग तेवढा आला होता आणि तो तिने इतकी वर्षं जपला होता. तोही मातीने घेतला. तिला पोर दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. खूप खूप एकटं वाटलं, एकटीने काढलेल्या दोन हिवाळ्यांत वाटलं नव्हतं तितकं.

पण हात कामाला लागले होते. पायांची हाडं, बरगड्या, हात, सगळं एकेक करून चादरीवर आलं. कवटी सगळ्यात शेवटी, आणि ती विधवेनेच धुवायची. लाम्ब्रोने वाइनचं भांडं पुढे केलं. स्तामाताने कवटी मांडीवर घेतली, कपाळावरून वाइन ओतली, अंगठ्याने डोळ्यांच्या खाचांतली माती काढली, मग तोंडाकडची. आणि थांबली.

समोरच्या दोन दातांत फट होती. जोंधळ्याचा दाणा बसेल एवढी.

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने ती कधी पाहिली नव्हती. झीसिसच्या जाड मिशीने वरचा ओठ कायम झाकलेला, आणि तोंड उघडून हसणारा तो माणूसच नव्हता. ही फट तिला माहीत होती ती पोराच्या तोंडात. त्या फटीतून शीळ घालत तो शेळ्या हाकायचा, त्या फटीत मक्याचं साल अडकलं की बोट घालून बसायचा, आणि ती त्याच्या हातावर मारायची. हे कुणाकडून आलं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. ते सगळा वेळ तिच्यासमोर ताटलीवर जेवत होतं, आणि तिने मान वर केली नव्हती.

"वहिनी, विलाप म्हण," अग्लाइया हळूच म्हणाली. आमच्याकडे विलाप देहासमोर म्हणतात. देह नसेल तर विलाप नाही, हाडं नसतील तर विलाप नाही. स्तामाताने तोंड उघडलं. आधी नुसताच श्वास आला, मग आवाज.

"कोण रे उशाला तुझ्या, कोणी पांघरूण घातलं,
परक्या गावात माझं लेकरू कुणी पोटाशी घेतलं?
स्तेरियो, माझ्या स्तेरियो, वाट कुणी तुला दाविली,
तुझ्या आईने रे तुझी सावलीही नाही धुतली."

बायका गोंधळल्या. "वहिनी," लाम्ब्रोने तिचा खांदा हलवला, "वहिनी, झीसिसचं नाव घे. हाडं त्याची आहेत."

स्तामाता ऐकत नव्हती. ती कवटी दोन्ही हातांत धरून पुढेमागे झुलत होती, आणि इतक्या वर्षांचं न आलेलं पाणी कपाळाच्या हाडावर पडत होतं, वाइनमध्ये मिसळत होतं. लाम्ब्रो तिला उठवायला खाली वाकली आणि तिला ते दात दिसले. तिने भाच्याला कडेवर खेळवलं होतं. ती तशीच खाली बसली, स्तामाताच्या खांद्याला खांदा लावला, आणि तिने ते नाव उचललं. मग अग्लाइयाने, मग सगळ्यांनी. देवळामागे दुपारभर दोघींच्या नाही, सगळ्या बायकांच्या तोंडून एकच नाव चाललं होतं, आणि ते त्या चादरीवरच्या माणसाचं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा हाडं वाळली. ती पेटीत रचली, वर कवटी ठेवली, झाकण लावलं. पाद्रींनी काळ्या रंगात ब्रश बुडवून झाकणावर झीसिसचं नाव लिहिलं, खाली साल लिहिलं. स्तामाता बाजूला उभी राहून बघत होती. ते ब्रश पुसायला लागले तेव्हा तिने त्यांचा हात धरला.

"दोघांचं लिहा, पाद्रीबाबा."

"स्तामाता, पेटीत असतं त्याचंच नाव..."

"आहे तो आत. मी आत्ताच धुतला त्याला."

ग्रिगोरिस पाद्रींनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.